मेन पाडलाय ना?

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीतल्या विजेचा इतिहास’ या विषयावर दोन पानं लिहून द्यायला सांगितलं. मी म्हटलं, विजेचा कसला आलाय इतिहास? आली की आली, गेली की गेली. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की पंचवीस वर्षांत आपण सगळ्यांत जास्त भांडलो ते पाण्यावरून, आणि त्याच्या खालोखाल विजेवरून. शिवाय या विषयातली एक गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. ती सांगायला स्मरणिकेइतकी चांगली जागा पुन्हा मिळणार नाही.

सुरुवात ताज्या भांडणापासून करतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी वीज गेली, तेव्हा बी विंगमधले चार-पाच सभासद मला गाठून म्हणाले, “काका, वर गच्चीवर सोलर पॅनल उन्हात तापतायत, आणि खाली जनरेटर डिझेल पितोय. हा काय प्रकार आहे? ऊन असताना सोलर बंद कसं? आपल्याला फसवलंय की काय?” प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, कारण त्याची सुरुवात आपली सोसायटी नोंदवण्याच्या सत्तर वर्षं आधी होते, आणि तीही आपल्या जवळच.

आपल्या आधीची वीज

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. मुंबईला तेव्हा सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली होती. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये आणि भिऱ्याचं १९२७ मध्ये. पुढे कल्याणहून पुण्याकडे आणि इगतपुरीकडे जाणारे घाटमार्गही विजेवर आणायचे ठरले, तेव्हा जीआयपी रेल्वेने स्वतःचं वीजकेंद्र उभारलं. तेच आपलं ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाउस, सुरू झालं १९२९ मध्ये. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडलं. आपल्यातल्या जुन्या डोंबिवलीकर-कल्याणकरांना त्याची धुराडी आठवत असतील.

मग १९५६ मध्ये शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झालं. पलीकडे मोहोन्याला एनआरसी होतीच. शहाड, आंबिवली, मोहोने या भागाची वस्ती वाढली ती या कारखान्यांच्या भोंग्यांवर. आपल्या सोसायटीतली निदान निम्मी घरं तरी या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या फंडाच्या पैशातून घेतलेली आहेत. माझं घरही त्यातलंच. मी या परिसरातल्या एका कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये नोकरी केली.

रेयॉनसारख्या धंद्याला वीज लागते तशी वाफही लागते. बॉयलर तर पेटवायचाच असतो. मग जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइनमधून सोडायची, तिच्यावर वीज करायची, आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे कारखान्यात वापरायची. एका कोळशात दोन कामं. पण घरची वीज सगळ्या कारखान्याला पुरेलच असं नाही, आणि एखादा संच दुरुस्तीला काढावा लागतो. म्हणून बाहेरची लाइनही घ्यायची. आता प्रश्न येतो की घरची आणि बाहेरची वीज आळीपाळीने वापरायची की दोन्ही एकत्र? आळीपाळीने वापरली तर प्रत्येक बदलाला क्षणभर अंधार होतो. घरात क्षणभर दिवा गेला तर कुणी हूं की चूं करत नाही. कारखान्यात धागा सुताईला चाललेला असताना तो एक क्षण गेला, तर हजारो धागे एकदम तुटतात. म्हणून मोठे कारखाने स्वतःचा संच बाहेरच्या विजेच्या बरोबरीने, एकत्र चालवतात. आमच्या भाषेत ‘पॅरलल’.

एकत्र चालायचं म्हणजे काय

हे कसं करतात ते सोप्या शब्दांत सांगतो. धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल (चढू नये, पण पाहिला असेल). तो गाडीच्या दिशेने, गाडीच्याच वेगाने चार पावलं पळतो आणि मग दांडा धरतो. उभ्याने दांडा धरला तर हात निखळेल. विजेचंही तेच आहे. आपल्याकडची वीज एका सेकंदाला पन्नास फेऱ्या करते. संचाची वीजही तितक्याच फेऱ्या करणारी हवी, तितक्याच दाबाची हवी, तिन्ही फेजचा क्रम तोच हवा, आणि बाहेरची लाट वर असेल त्याच क्षणी आपलीही लाट वर हवी. हे सगळं जुळलं की मगच ब्रेकर मारायचा.

ते जुळलंय हे दाखवायला पॅनलवर घड्याळासारखं एक यंत्र असतं, सिंक्रोस्कोप. काटा गरगर फिरत असेल तर वेग जुळलेला नाही. वाफ कमी-जास्त करत करत काटा हळू करायचा. तो सावकाश बाराकडे यायला लागला की बाराला थोडा कमी असतानाच ब्रेकर मारायचा, कारण ब्रेकर लागायलाही थोडा वेळ जातो. मी पहिल्यांदा मारला तेव्हा माझ्या हातावर आमच्या फोरमनचा हात होता. चुकीच्या क्षणी मारला तर काय होतं, हे ते मला आधी महिनाभर सांगत होते. प्रचंड करंट धावतो, मशीनला असा झटका बसतो की शाफ्टसुद्धा पिरगळू शकतो.

एकदा जोडलं गेलं की गंमत सुरू होते. एकट्या जनरेटरला वाफ वाढवली की त्याचा वेग वाढतो. जोडलेल्या जनरेटरला वाफ वाढवली तर वेग वाढत नाही, तो फक्त जास्त भार उचलतो. आणि वाफ बंद झाली तरी तो थांबत नाही! बाहेरची वीज त्यालाच मोटरसारखं फिरवत राहते. दिंडीत चालणाऱ्या दमलेल्या माणसाला गर्दीच पुढे नेते, तसंच काहीसं. ते टाळायला उलटी वीज ओळखून ब्रेकर पाडणारा रिले बसवतात.

आणि बाहेरची लाइनच गेली तर? मग आपला संच क्षणात बाहेरच्या जाळ्यापासून सुटला पाहिजे. सुटला तर कारखाना एखाद्या बेटासारखा स्वतःपुरता चालू राहतो. नाही सुटला तर एकटा संच सगळ्या गावाचा भार ओढायला जातो आणि कोसळतो. शिवाय, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, ज्या तारा बंद आहेत असं समजून कुणीतरी हात घालतंय, त्या तारांमध्ये आपली वीज जात राहते.

हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं होतं. नव्या पोरांना शिकवलंही होतं. पण ते मला कळलं २००५ मध्ये, आपल्याच मीटर रूममध्ये.

२६ जुलै आणि त्यानंतरची रात्र

२६ जुलै २००५ चा पाऊस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या आपापली मर्यादा सोडून वस्तीत आल्या. आपल्या कंपाउंडमध्ये कमरेएवढं पाणी होतं. तळमजल्यावरची कुटुंबं वरच्या मजल्यांवर आली, आणि कुणाच्या घरी कोण जेवलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पाणी भरायला लागलं तेव्हाच लाइनमननी रस्त्याकडेच्या फीडर पिलरमधले फ्यूज काढून नेले होते. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पण वीज नव्हती. वरच्या टाकीत थेंब नव्हता. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं.

संध्याकाळी एक भाड्याचा जनरेटर मिळाला. टेम्पोतून चिखलातून ढकलत आणला. एक वायरमन मुलगाही मिळाला. त्याने जनरेटरची केबल सरळ आपल्या मुख्य पॅनलवर घेतली, म्हणजे पंपही चालेल आणि जिन्यातले दिवेही. मी त्याच्यामागे टॉर्च धरून उभा होतो. मी विचारलं, “मेन पाडलाय ना?”

तो हसून म्हणाला, “काका, लाइटच नाय, तर मेन काय पाडायचा!”

आणि मीही हसलो. इतकंच. मी हात लांब करून तो खटका खाली केला नाही. इतकी वर्षं कारखान्यात लेखी परवाना हातात असल्याशिवाय पॅनलचं दार न उघडणारा मी, त्या रात्री दमलेला होतो, पाण्याची घाई होती, आणि त्याचं म्हणणं त्या क्षणी अगदी पटण्यासारखं वाटलं. वीज नाहीच, तर बंद काय करायची?

पंप सुरू झाला. टाळ्या पडल्या. कुणीतरी चहा आणला.

अर्ध्या तासाने गेटवर एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर फाटका रेनकोट, हातात बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. बोर्डाचा लाइनमन. म्हणजे कागदावर त्याच जूनमध्ये वीज मंडळाची महावितरण झाली होती, आपल्या तोंडी अजून बोर्डच होतं. तो मोठ्याने ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “मी सबस्टेशनवरून लाइन बंद करून आलोय. मग तुमच्या केबलवर माझा बल्ब कसा पेटला?”

आमच्या जनरेटरची वीज पंपाला जात होती, तशीच उघड्या मेनमधून सर्व्हिस केबलने रस्त्यापर्यंतही जात होती. पिलरमधल्या आमच्या केबलच्या टोकाला चारशे व्होल्ट उभे होते, आणि हा माणूस ओल्या चिखलात उभा राहून तिथे हात घालणार होता. त्याने आधी बल्ब लावून पाहिला म्हणून तो वाचला. आम्ही काही केलं म्हणून नाही.

वायरमन मुलाने धावत जाऊन मेन पाडला. लाइनमनने परत जाऊन पुन्हा बल्ब लावून पाहिला, आणि मगच कामाला लागला. त्याला आम्ही चहा विचारला, तो म्हणाला, “नंतर.” नंतर तो आला नाही, पुढच्या पिलरकडे गेला. आपली वीज मध्यरात्रीनंतर आली. त्याचं नाव मी विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

सभेत नंतर या प्रसंगाचा उल्लेख झाला, तो ‘वायरमनची चूक’ असा. मी तेव्हा गप्प बसलो. चूक त्या मुलाची नव्हती. त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

जनरेटर आणि कुलूप

त्यानंतरची वर्षं लोडशेडिंगची. राज्यात विजेचा तुटवडा इतका होता की आपल्याकडे दिवसाचं वेळापत्रकच त्यावर ठरायचं. दळण, इस्त्री, मुलांचा अभ्यास, सगळं ‘लाइट’ बघून. याच काळात पुण्यात एक वेगळी वाट निघाली. ज्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते, त्यांनी ते टंचाईच्या वेळी चालवायचे, म्हणजे त्यांच्या वाट्याची वीज शहराला मिळेल, आणि महागड्या डिझेलचा फरक ग्राहकांनी बिलातून थोडा थोडा उचलायचा. राज्य वीज नियामक आयोगाने २००६ मध्ये त्याला मान्यता दिली, आणि ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. स्वतःच्या कुंपणातला जनरेटरही गावाच्या उपयोगी पडू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याआधी कारखान्याला स्वतःचा वीजसंच उभारायचा तर वीज मंडळाची संमती लागायची. २००३ च्या वीज कायद्याने स्वतःच्या वापरासाठी वीज करायला परवान्याची गरज ठेवली नाही.

आपणही वर्गणी काढून जनरेटर घेतला. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांपुरता. त्या वेळी मी कमिटीत एकच हट्ट धरला. चेंजओव्हर स्विच चांगल्या प्रतीचा, फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा हवा, आणि त्याला कुलूप हवं. चेंजओव्हरचा दांडा एक तर वर असतो, नाहीतर खाली. वर बोर्डाची वीज, खाली जनरेटर. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. म्हणजे कारखान्यात आम्ही जे एकत्र आणायला धडपडत होतो, ते इथे मी मुद्दाम वेगळं ठेवलं. कारण एकत्र चालवायला सिंक्रोस्कोप लागतो, रिले लागतात, चोवीस तास जागा माणूस लागतो. आपल्याकडे आहेत वॉचमन मामा. त्यांना झोप येऊ शकते, घाई होऊ शकते. लोखंडाच्या दांड्याला ती होत नाही. खर्च वाढला म्हणून त्या सभेत मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी कारण पूर्ण सांगितलं नाही. आज सांगितलं.

गच्चीवरचं पॉवर हाउस

आता येऊ सोलरकडे. राज्यात नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले, आणि सोसायट्यांच्या गच्च्या हळूहळू निळ्या-काळ्या व्हायला लागल्या. २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, तिच्यात सोसायटीच्या सामाईक वापरासाठीही अनुदान आहे. आपल्या गच्चीवरचं सोलर पाहून बरेच जण म्हणतात, “चला, आता बॅटरी नसलेला का होईना, इन्व्हर्टर आला.” तो साधा इन्व्हर्टर नाही. ते खरोखरचं पॉवर हाउस आहे, आणि ते बोर्डाच्या विजेशी पॅरलल चालतं. जे काम आम्ही काट्याकडे डोळे लावून करायचो, ते ती भिंतीवरची पेटी रोज सकाळी आपोआप करते. लाट बघते, जुळवते, जोडते. दुपारी पंप बंद असला आणि लिफ्टला गर्दी नसली की आपली उरलेली वीज त्याच मीटरमधून बाहेर शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाते, आणि ती युनिटं आपल्या खात्यात जमा होतात.

नुसत्या शेजाऱ्याशी जोडलं जाणंही नाही ते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एका तालात आलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी. शहाडच्या गच्चीवरची आपली पेटी त्या सगळ्या देशाबरोबर पाऊल टाकून चालते.

आणि म्हणूनच वीज गेली की ती थांबते. ती सतत लाइन तपासत असते. दाब किंवा फ्रिक्वेन्सी ठरल्या हद्दीबाहेर गेली की सुटते. काही पेट्या तर मधूनमधून फ्रिक्वेन्सीला मुद्दाम हलकासा धक्का देऊन पाहतात. समोर देशाचं जाळं असेल तर ते जागचं हलत नाही. हललं तर पेटीला कळतं की आपण एकटे उरलोय. मग ती थांबते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार हे दोन सेकंदांत व्हावं लागतं. त्या दोन सेकंदांचा हिशेब कुणासाठी आहे? पिलरमध्ये हात घालणाऱ्या त्या माणसासाठी आहे. २७ जुलैच्या रात्री जे मी केलं नाही, ते ही पेटी न चुकता करते.

हे सगळं कधीच फसत नाही असंही नाही. मुंबईला बाहेरच्या संकटातून अलग काढून चालू ठेवायची ‘आयलंडिंग’ योजना १९८१ पासून आहे, आणि तिने मुंबईला अनेकदा वाचवलं. तरी १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्यावर ते बेट टिकलं नाही. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, करोनाच्या काळात इस्पितळं जनरेटरवर गेली. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे नेहमी जमत नाही, ते आपण घरगुती जुगाडाने करू नये.

आता पुढे

हे लिहायचं कारणच ते आहे. येत्या वार्षिक सभेत एक सूचना येणार आहे, की वीज गेल्यावर आपल्या जनरेटरची वीज सोलरच्या पेटीला ‘दाखवायची’, म्हणजे तिला लाइन आली असं वाटेल, ती चालू होईल आणि डिझेल वाचेल. सूचना करणारा मुलगा हुशार आहे, इंजिनिअर आहे, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. जनरेटर आणि सोलर एकत्र चालतात, कारखान्यांमध्ये चालवतातही. पण लिफ्ट थांबलेली असताना सोलरची वीज जास्त झाली तर ती आपल्या लहानशा जनरेटरमध्ये उलटी शिरेल. ते रोखायला सोलर कमी-जास्त करणारा कंट्रोलर हवा, रिले हवेत, विद्युत निरीक्षकांची मान्यता हवी. दुसरा मार्ग म्हणजे बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर. तो वीज गेल्यावर आधी स्वतःला लाइनपासून तोडतो आणि मगच आपल्यापुरता चालतो. दोन्हींपैकी काहीही करा, पैसे साठवून, रीतसर करा. माझा पाठिंबा आहे. फक्त चेंजओव्हर काढून, चार वायरी ओढून एका रविवारात करू नका.

सिल्व्हर ज्युबिलीला मी सोसायटीला काय द्यावं, असा विचार करत होतो. मीटर रूममध्ये लावायला एक लहान पाटी करून घेतली आहे. तीनच शब्द आहेत: ‘मेन पाडलाय ना?’ उत्तर तोंडी घेऊ नका. हात लांब करून स्वतः बघा. नवीन वॉचमन आला, नवीन वायरमन आला, कमिटी बदलली, तरी पाटी राहू द्या.

आणि पावसात पिलरपाशी कुणी लाइनमन काम करताना दिसला, तर चहा विचाराच. त्याने ‘नंतर’ म्हटलं, तर निदान नाव विचारून ठेवा.